उभ्या केलेल्या इंजिनातलं तेल

अहेरीच्या पलीकडे जंगलात एक गाव आहे. त्या गावातल्या एका माणसाला गावानेच गाडीवरून उतरवलं, आणि ते माझ्या बोलण्यावरून झालं. तो चांगला चालवायचा. तेल न पाहता गाडी पळवली आणि इंजिन जाळलं, असं त्याच्याबद्दल अजूनही बोललं जातं. ते खरं नाही. खरं काय, ते मी त्या गावाच्या सभेत सांगून आलो आहे. तरी तिथे मला एक प्रश्न विचारला गेला, त्याचं उत्तर मला देता आलं नाही. ते शोधायला म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढतो आहे.

मी मूळचा राजुऱ्याकडचा. तरुणपणी अहेरीला आलो आणि रस्त्याच्या कडेला टिनाच्या छपराखाली गॅरेज टाकलं. लोक मला मिस्तरी म्हणतात. आता नजर कमी झाली आहे, गुडघे वाकत नाहीत, पण शटर मी अजून उघडतो.

त्या गावाने तेंदूपानाच्या उत्पन्नातून एक जुनी जीप घेतली होती. जीप कुणा एकाची नव्हती, ग्रामसभेची होती. आजारी माणूस दवाखान्यात न्यायचा, राशन आणायचं, बाजाराच्या दिवशी बायांना अहेरीला आणून सोडायचं, अशी तिची कामं. चालवायला गावातलाच एक माणूस सगळ्यांच्या मताने नेमलेला. तिशी ओलांडलेला, कमी बोलणारा. रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी काढायचा, गमछ्याने पुसून पुन्हा आत घालायचा, काढायचा, आणि जवळ जो कुणी उभा असेल त्याला दाखवायचा. लोक हसायचे. एक म्हातारा म्हणायचा, "अबे, ते काय बाळाचा ताप मोजून राह्यला का?"

जीपचा क्रँक, म्हणजे इंजिन फिरवणारा मुख्य दांडा, तुटला. जुनं इंजिन पुन्हा उभं राहण्यासारखं नव्हतं आणि त्याचे पार्टही मिळेनात. दोन गॅरेजवाल्यांनी हात वर केले. मी म्हणालो, दुसरं इंजिन बसवतो. राजुऱ्याच्या एका भंगारवाल्याकडे अपघातातल्या छोट्या मालवाहू टेम्पोचं डिझेल इंजिन होतं, आतून चांगलं. ते मी आणलं.

आता हे इंजिन कसं होतं ते सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या टेम्पोत इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली असतं. तिथे उंची नाही, म्हणून कंपनी ते एका कुशीवर कलतं बसवते, माणूस बाजेवर टेकून बसतो तसं. जीपमध्ये ते तसंच कलतं ठेवलं तर स्टिअरिंगच्या दांड्याला अडत होतं. मी इंजिनाचे पाय कापले, नवे वेल्डिंग केले आणि ते उभं केलं. अगदी सरळ उभं राहिलं असतं तरी बरं होतं. जागेच्या हिशोबात ते थोडं दुसऱ्या कुशीवर गेलं. गाडी सुरू झाली तेव्हा गावातल्या लोकांनी नारळ फोडला. माझ्याही कपाळाला कुंकू लावलं. मला बरं वाटलं, हे नाकारत नाही. या वयात असं काम माझ्या हातून झालं होतं.

तेलाच्या पट्टीवर नवी खूण करायची असते. मूळ पट्टीची नळी बॉनेटला लागत होती म्हणून मी ती कापून जीपची जुनी पट्टी घातली होती. आमच्याकडे रीत अशी, की इंजिन गाडीत चढवायच्या आधी जमिनीवर लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवून चालवून पाहायचं. त्याच वेळी मापाने तेल ओतायचं, थोडं थांबायचं, आणि पट्टी जिथवर भिजेल तिथे कानशीने खूण करायची. आयुष्यभर मी असंच केलं आणि ते नेहमी बरोबर आलं, कारण इंजिन जसं जमिनीवर बसतं तसंच गाडीत बसतं. हे इंजिन मात्र जमिनीवर त्याच्या जुन्या कुशीवर कलतं होतं. खूण मी तेव्हा केली. उभं केलं नंतर. खूण पुन्हा करायला हवी, हे माझ्या मनात आलंच नाही. की आलं होतं आणि मी सोडून दिलं? हेही मला आता सांगता येत नाही.

काही दिवसांनी तो ड्रायव्हर गॅरेजला आला. "भाऊ, चढावावर लाल लाइट लागून राह्यला."

"तेल?"

"तेल बरोबर आहे. सकाळी पाह्यलं. मग लाइट काऊन लागते?"

मी म्हणालो, वायर ढिली असेल. वायर बदलली. तो पुन्हा आला. मी तेलाच्या दाबाचा स्विच बदलला. तो तिसऱ्यांदा आला तेव्हा धूर निळसर येत होता.

"नवं इंजिन आहे, रिंगा बसतील," मी म्हणालो.

"भाऊ, ते नवं कुठी आहे? भंगारातलं आहे नं?"

"तू चालवून राह्यला का मी?"

तो हसला आणि गेला. तो गेल्यावर मी बराच वेळ विचार करत बसलो. तेल पट्टीवर पूर्ण. बाहेर गळती नाही. मग लाइट का लागतो? तेल आहे तर पंपाला मिळत का नाही? माझं डोकं चालेना. मला खरंच कळत नव्हतं, आणि कळत नाही हे कुणाला सांगायचीही लाज वाटत होती.

मग एका सकाळी निरोप आला की गाडी चढावावर बंद पडली. आदल्या दिवशी गाडीत बाळंतपणाला निघालेली एक बाई होती. तिला मागून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून न्यावं लागलं. मूल वाटेतच झालं. दोघंही सुखरूप आहेत, पण त्या घरचे लोक पेटले होते.

मी मोटरसायकलवर मागे बसून तिथे गेलो. जीप रस्त्याच्या कडेला सागाच्या झाडाखाली उभी होती. क्रँकला पाना लावला, तो तसूभरही फिरला नाही. इंजिन जाम झालं होतं. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी. खाली शिरून तिचा बोल्ट त्या ड्रायव्हरनेच खोलला, कारण माझे गुडघे ते करू देत नाहीत. तेल आलं, पण ओतलं होतं त्यापेक्षा पुष्कळ कमी.

तो गाडीखालून बाहेर आला.  "काल सकाळी खुणेवर होतं, भाऊ. मी त्या बाईले दाखोलं बी."

त्याच दिवशी गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक घरात, सभा बसली. त्या गावात मतदान वगैरे नसतं. सगळे गोल बसतात, प्रत्येकाला विचारलं जातं, आणि प्रत्येकाने राजी म्हटल्याशिवाय गोष्ट ठरत नाही. एक जण जरी राजी नसला तर पुन्हा बसायचं. ज्याच्याविषयी बोलणं आहे त्यालाही राजी म्हणावं लागतं.

गावचा भूमिया, म्हणजे देवाधर्माचं आणि जमिनीचं पाहणारा म्हातारा, त्याने मला विचारलं, "मिस्तरी, इंजिन काऊन जाम झालं?"

"तेलाविना चाललं," मी म्हणालो.

"तेल पाह्याचं काम कोनाचं?"

"चालवते त्याचं."

एवढंच मी बोललो. दोन्ही गोष्टी खोट्या नव्हत्या. बाळंतिणीचा सासरा ओरडला, "रोज पट्टी पुसून पुसून दाखवत होता, तमाशाच होता तो!" लोक बोलत राहिले. ड्रायव्हरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी रोज पाहत होतो. खुणेवर राहत होतं."  त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी सांगेन, असं त्याला वाटलं असावं. मी खाली पाहिलं. शेवटी तो म्हणाला, "पन चेंबरात पुरतं तेल नव्हतं, हे मीनंच पाह्यलं. मग माझंच चुकलं असन. राजी."

तो राजी झाला कारण त्याला कळत नव्हतं. ही गोष्ट मी विसरू शकलो नाही.

इंजिन गॅरेजमध्ये आणून पूर्ण खोललं. तेव्हा मला सगळं दिसलं, एका नजरेत. पंप तेल वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या माथ्यात, पाठवतो, आणि तिथून ते भोकांमधून पुन्हा खाली चेंबरमध्ये उतरतं. कंपनीने ती भोकं त्या कुशीला पाडली होती जी टेम्पोत खाली असते. मी इंजिन दुसऱ्या कुशीवर टाकलं तेव्हा ती भोकं वर गेली. तेल वर चढायचं, पलीकडच्या बाजूला साचायचं आणि उतरायचंच नाही. थोडं जळायचं, त्याचा निळा धूर. चेंबरमध्ये जे उरायचं ते पट्टीच्या बाजूला गोळा व्हायचं, म्हणून कमी तेलातही पट्टी खुणेपर्यंत भिजायची. आणि पंप जिथून तेल ओढतो ती जाळी दुसऱ्या कोपऱ्यात कोरडी. चढावावर गाडीचं नाक वर झालं की आणखीच कोरडी. तो माणूस रोज सकाळी खरं तेच पाहत होता आणि खरं तेच सांगत होता.

मी इंजिन नवीन बेरिंग घालून बांधलं. हेडच्या खालच्या बाजूला भोक पाडून तिथून चेंबरपर्यंत बाहेरून एक नळी टाकली, म्हणजे साचलेलं तेल उतरेल. जाळीची नळी वाकवून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. इंजिन गाडीत बसवल्यावर तेल मोजून ओतलं आणि पट्टीवर नवी खूण केली. जुनी खूण घासून टाकली. हे सगळं मी नीट केलं, आणि कुणाला एक शब्द सांगितला नाही.

गावाने नवा ड्रायव्हर नेमला. त्याला कधी लाल लाइट दिसला नाही. तेच इंजिन, तोच चढाव, सगळं ठीक. आता लोकांना पुरावाच मिळाला. बाजारात त्या गावच्या बाया उतरायच्या तेव्हा मी ऐकायचो. "हा पट्टी पाह्यते, तो निस्ता पुसत होता!" आणि हसणं. माझं काम जितकं चांगलं झालं तितका तो माणूस जास्त खोटा ठरत गेला. खोटं एकदाच बोललो, पण ती गाडी ते रोज गावोगाव बोलत फिरत होती. मी तिची सर्व्हिसिंग करत राहिलो.

तो आता बांबू तोडायला जाऊ लागला होता. जीपमध्ये बसत नसे. बाजाराला चालत यायचा. आणि एका बाजाराच्या दिवशी तो माझ्या गॅरेजसमोर थांबला.

"जोहार, भाऊ."

"जोहार. बस."

तो बसला नाही. गमछा खांद्यावरून काढून हातात धरला. "एक इचारू का? रागावू नका. मले अजून समजून नाई राह्यलं. बाहेर सांडलं नाई, कोनी काढलं नाई. ते तेल कुठी गेलं असन?"

तो मला दोष द्यायला आला नव्हता. मिस्तरी म्हणून विचारायला आला होता, चौकशी करायला. मी म्हणालो, "राहू दे आता. झालं ते झालं." तो मान हलवून गेला.

घरी जेवायला बसलो आणि ताट तसंच बाजूला सारलं. बायकोने विचारलं, मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मले काऊन सांगून राह्यले? मी गाडी चालवतो का? त्याले सांगा."

"गोष्ट त्याच्या एकट्यापुरती असती तर सांगितलं असतं. सभेत सांगावं लागेल."

"तं सभेत सांगा. सभेतच बोलले होते नं?"

मी भूमियाकडे निरोप पाठवला. सभा बसली. मी बोलायला सुरुवात केली तेव्हा हेड, चेंबर, कूस असं सगळं एकमेकांत अडकलं आणि लोकांच्या तोंडावर काहीच उमटेना. कुणीतरी म्हणालं, "म्हंजे तेल होतं, पन नव्हतं?" लोक हसले. मग मी तिथे खुंटीला टांगलेला पाण्याचा, वाळक्या भोपळ्याचा तुंबा मागितला. ज्याचा तुंबा होता त्याला विचारून त्याच्या बाजूला चाकूने एक भोक पाडलं. भोक खाली करून धरला तर पाणी सगळं बाहेर आलं. पुन्हा भरून भोक वर करून धरला तर थोडं आलं आणि उरलेलं आतच राहिलं. "भोक खाली असायला हवं होतं. मी ते वर केलं," मी म्हणालो. मग पट्टीच्या खुणेचं सांगितलं. मग नळीचं, आणि जुनी खूण घासून टाकल्याचं.

 कोपऱ्यातली एक म्हातारी बाई, बहुतेक त्या ड्रायव्हरची आत्या, ती म्हणाली, "मंग खोटं कोन बोललं? पट्टी का तू?"

"मी," मी म्हणालो.

बाळंतिणीचा सासरा उठून उभा राहिला. मला वाटलं आता शिव्या देईल. तो त्या ड्रायव्हरकडे वळला आणि म्हणाला, "मी तुले तमाशा म्हनलो होतो." आणि बसला. एवढंच.

भूमियाने एकेकाला विचारलं, याचा दोष नव्हता असं मानायला राजी आहात का? सगळे राजी म्हणत गेले. गाडी पुन्हा याच्याकडे द्यायची का, त्यालाही राजी. नवा ड्रायव्हरही राजी म्हणाला, तोंड जरा वाकडं करून. शेवटी जुन्या ड्रायव्हरची पाळी आली.

त्याने मला विचारलं, "भाऊ, तुमाले कवा समजलं?"

"इंजिन खोललं तेव्हा."

"ते सभेच्या नंतर. पन सभेत तुमी माझ्याकडं पाह्यलं नाई. खाली पाह्यलं. मंग आधी समजलं होतं का?"

 मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हणालो, "आठवत नाही."

"मंग आठवून सांगा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "नंतर समजलं असन, तं तुमी भ्याले, एवढंच. मानसं भेतात. आधी समजलं असन, तं ते येगळं. मी कशाले राजी होऊन राह्यलो, हे मले समजलं पाहिजे. मागच्या टायमाले मी न समजता राजी झालो होतो. तवर मी राजी नाई."

आणि सभा तशीच उठली. सगळं गाव राजी, फक्त तो नाही, म्हणून काहीच ठरलं नाही. गाडी अजून नवा ड्रायव्हरच चालवतो आहे.

तेव्हापासून मी आठवतो आहे. आठवण मोठी विचित्र गोष्ट आहे. कधी मला दिसतं की रस्त्यावर सागाखाली मी हेडवरचं झाकण काढलं होतं. कधी वाटतं, ते गॅरेजमध्ये काढलं आणि मी उगाच मागे नेऊन ठेवतो आहे, कारण 'आधी' म्हटलं तर शिक्षा मोठी होईल आणि मला मोठी शिक्षा हवी आहे. मग वाटतं, 'नंतर' म्हणावंसं वाटतं ते सुटण्यासाठी. दोन्हीकडून माझा माझ्यावर विश्वास बसत नाही. बायको म्हणाली, "तुमी त्या दिवशी घरी आले तेव्हा कपडे काय होते?" मला आठवेना. तिलाही नाही.

आज हे लिहिता लिहिता सभेच्या दिवसापाशी आलो, आणि लिहायचं राहून गेलेलं एक आठवलं. गोटुलाच्या दारात एका बाईने माझ्या हातावर पाणी घातलं होतं. तेल निघेना. ती चुलीतली राख घेऊन आली. मी राख चोळत होतो, नुसत्या तळहातांना नाही, पार कोपरापर्यंत. चेंबरचा बोल्ट तर त्या ड्रायव्हरने खोलला होता. मग माझ्या कोपरापर्यंत तेल कुठून आलं? हेडचं झाकण उचललं की तिथे साचलेलं तेल हातावरून ओघळतं. दुसरीकडून येणं शक्यच नाही.

मी लिहिणं सोडून मोटरसायकलवाल्याला बोलावलं आणि गावात गेलो; पुढचं परत आल्यावर लिहितो आहे. तो अंगणात बांबू सोलत बसला होता. त्याची बायको चुलीपाशी. मी उभ्याउभ्याच सांगितलं. "आधी. झाकण मी रस्त्यावरच काढलं होतं, तू गाडीखाली होता तेव्हा. तेल पाहिलं. पूर्ण समजलं नव्हतं, पण घोळ माझ्या कामात आहे, तुझ्या नाही, एवढं समजलं होतं."

"कशावरून म्हनता?"

मी राखेचं सांगितलं. त्याची बायको चुलीपासून वळली. "मीनंच देली होती राख," ती म्हणाली. "कोपरापावत भरले होते. मी याले तवाच म्हनलं होतं, मिस्तरीनं गाडीत लय हात घातला म्हनून."

तो तिच्याकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. "हं," म्हणाला. कोयता उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"आता समजलं," तो म्हणाला. "सभेत राजी म्हनतो. माझा दोष नव्हता, एवढ्यापुरतं. तुमच्याबद्दल नाई म्हनलो."

"आणि गाडी?"

"गाडी चालवीन. गावाची आहे." त्याने बांबू जवळ ओढला. "तुमच्या गॅरेजात नाई आननार. आलापल्लीले नेईन."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्याने बांबू पायाखाली धरला आणि सोलायला लागला. मला बस म्हणाला नाही, जा पण म्हणाला नाही. मोटरसायकलवाला बाहेर वाट पाहत होता, आणि मी त्या अंगणात तसाच उभा होतो.